मुक्काम पोस्ट सापगांव

आज ज्या विषयावर बोलावयाचें आहे तो इतका लहान आहे, कीं व्याकरणाच्या पुस्तकांत त्याला दोन-चार पानांपेक्षां अधिक जागा मिळत नाहीं. माणूस अमुक एका ठिकाणीं आहे, एवढेंच सांगावयाचें असतां आपण कोणते शब्द योजतों, इंग्रजी बोलणारे लोक कोणते योजतात, आणि गेल्या चार शतकांत या दोन तऱ्हांची गांठ कोठें कोठें पडली, याचा थोडासा इतिहास मी सांगणार आहें. विषय लहान असला, तरी त्यापायीं माझ्या हातून एका विद्यार्थिनीवर अन्याय झाला होता. त्याची हकीकत ओघानें येईल.

मी ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांतील सापगांवचा. आमचें गांव भातसा नदीच्या कांठीं आहे. प्राथमिक शाळेंत शिक्षकाची नोकरी करून मी निवृत्त झालों. माझा एक पुतण्या मुंबईंत कारकून आहे. कांहीं दिवसांपूर्वीं त्यानें एक इंग्रजी अर्ज भरला आणि पत्त्याच्या जागीं नेहमींप्रमाणें लिहिलें, 'ॲट पोस्ट सापगांव, तालुका शहापूर, डिस्ट्रिक्ट ठाणें'. अर्ज वाचणारा अधिकारी परदेशीं वाढलेला होता. त्यानें हंसून विचारलें, "तुम्ही तेथें पहाऱ्यावर असतां कीं काय?" इंग्रजींत 'पोस्ट' या शब्दाचा एक अर्थ नेमणुकीची किंवा पहाऱ्याची जागा असा आहे. शिपाई आपल्या जागीं खडा असला म्हणजे तो 'ॲट हिज पोस्ट' आहे असें म्हणतात. पुतण्या ओशाळला आणि सुटीच्या दिवशीं गांवीं आल्यावर मला म्हणाला, "काका, इतकीं वर्षें आपण सगळे चुकीचें लिहीत आलों आहों काय?"

मीं त्याला सांगितलें, कीं तें चुकीचें नाहीं. तें मराठीच आहे, फक्त इंग्रजी शब्दांत लिहिलेलें. 'ॲट पोस्ट' हें 'मुक्काम पोस्ट' याचें भाषांतर होय. इंग्लंडांत पत्त्यावर असें कोणी लिहीत नाहीं, कारण त्यांच्याकडे 'मुक्काम' नाहीं.

'मुक्काम' हा शब्द मूळचा अरबी, आणि त्याचा अर्थ थांबण्याची, राहण्याची जागा. आपल्या जुन्या पत्रव्यवहारांत तो पदोपदीं आढळतो. मोहिमेवर निघालेला सरदार मजल दरमजल करीत जाई. आज एका गांवाबाहेर तळ, तर चार दिवसांनीं दुसऱ्या नदीच्या उतारापाशीं. त्याचें पत्र कोठून निघालें हें कळण्यासाठीं 'मुक्काम अमुक' असें लिहावें लागे. म्हणजे हा शब्द मुळांत चालत्या माणसाचा. पुढें लष्करें गेलीं, तळ उठले. पण शब्द राहिला, आणि जो शेतकरी जन्मांत आपल्या शिवाराबाहेर रात्र काढीत नाहीं त्याच्याहि नांवामागें तो लागला.

१८५४ सालीं हिंदुस्थानच्या टपालखात्याची नवी घडी बसली. सगळ्या देशाला चालणारीं तिकिटें निघालीं, आणि पत्राचें हशील अंतराप्रमाणें न घेतां वजनाप्रमाणें घेण्याचें ठरलें. आतां पत्रावर दोन गोष्टी असणें जरूर झालें: माणूस राहतो तें गांव, आणि त्या गांवाचें टपाल ज्या कचेरींतून वांटलें जातें ती कचेरी. दोन्हीं निरनिराळीं असतील तर 'मुक्काम' एक आणि 'पोस्ट' दुसरें. दोन्हीं एकच असतील तर 'मु. पो.' असें जोडून लिहावयाचें. हळूहळू लोकांच्या हातांस त्याचें इतकें वळण पडलें, कीं गांवांत टपालकचेरी आहे कीं नाहीं याचा विचार न करतां सर्रास 'मु. पो.' लिहिलें जाऊं लागलें. एक अरबी शब्द, एक इंग्रजी शब्द, आणि त्यापुढें आपलें गांव. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला आणि सहा आंकड्यांनीं टपाल वांटण्याचें काम सोपें झालें, पण 'मु. पो.' कांहीं सुटलें नाहीं.

आतां इंग्रजांच्या 'ॲट'कडे वळूं. आमच्या लहानपणीं शाळांतून रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाचा दरारा होता, आणि त्याच्याहि आधीं पिढ्यान् पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर वाढल्या होत्या. या शिक्षणांतला एक ठराविक नियम असा: देश आणि मोठीं शहरें यांच्यापूर्वीं 'इन' योजावें, खेडीं आणि लहान गांवें यांच्यापूर्वीं 'ॲट' योजावें. त्या हिशेबानें मनुष्य 'इन बॉम्बे' राही आणि 'ॲट शहापूर' राही. आम्हां मुलांना तो नियम मनांतून टोंचे. मुंबईच्या माणसाला आंत घ्यावयाचें आणि आम्हांला नुसतें टेंकवून ठेवावयाचें, असें वाटे. पुढें इंग्रजी वाचन थोडें वाढल्यावर कळलें, कीं यांत मोठेपणाचा प्रश्न नसून पाहण्याच्या तऱ्हेचा आहे. ज्या जागेला आंत-बाहेर आहे असें मनांत धरलें तिच्यासाठीं 'इन'. जी जागा नकाशावरच्या बिंदूसारखी पाहिली तिच्यासाठीं 'ॲट'. स्वतःच्या खेड्यांत राहणारा इंग्रज त्याच खेड्याविषयीं बोलतांना 'इन' म्हणतो. तीच मुंबई विमानाच्या वाटेवरचें एक ठाणें म्हणून पाहिली, तर 'ॲट मुंबई' म्हणण्यास हरकत नसते.

हा 'ॲट' त्यांच्या भाषेंत फार जुना आहे. एकेकाळीं तो त्यांच्या आडनांवांतहि शिरला. झाडाजवळ, कुरणाजवळ, ओढ्याजवळ राहणाऱ्या माणसाला त्या जागेवरून ओळखूं लागले, आणि मागला 'ॲट' नांवाला चिकटून बसला. १९४७ सालीं हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा कायदा झाला त्या वेळीं ब्रिटनचे मुख्य प्रधान क्लेमंट ॲटली होते. या 'ॲटली'ची फोड 'ॲट' आणि 'ली' अशी आहे. 'ली' म्हणजे कुरण, किंवा रान तोडून मोकळी केलेली जागा. कुरणापाशीं राहणारा तो ॲटली. आपल्याकडे हेंच काम 'कर' हा प्रत्यय करतो. पण यांत एक गंमत आहे. सापगांवांत राहणारा कोणी स्वतःला सापगांवकर म्हणवीत नाहीं. गांव सोडून चार कोस दूर गेल्यावर लोक त्याला तसें म्हणूं लागतात. गांवाचें नांव माणसाला चिकटतें तें बहुधा गांव सुटल्यावर.

इंग्रजी भाषेंतली खरी खोंच मात्र यापुढें आहे. इंग्रज 'इन हॉस्पिटल' म्हणतो तेव्हां मनुष्य आजारी आहे आणि खाटेवर पडला आहे असा त्याचा अर्थ. तोच 'ॲट द हॉस्पिटल' म्हणाला, तर तो मनुष्य भेटीस गेला असेल, औषध आणावयास गेला असेल, किंवा तेथें नोकरी करीत असेल. 'इन प्रिझन' असणारा कैदी. पण तुरुंगाची भिंत दुरुस्त करणारा गवंडी 'इन द प्रिझन' असूं शकतो. मूल शिकावयास गेलें म्हणजे तें 'ॲट स्कूल' असतें. त्याचा बाप फी भरण्यास गेला म्हणजे तो 'ॲट द स्कूल' असतो. 'द' हें एवढेंसें अक्षर. तें गाळलें कीं जागा मागें पडते आणि त्या जागेशीं असलेला माणसाचा संबंध पुढें येतो. अमेरिकेंतले लोक आजाऱ्यालाहि 'इन द हॉस्पिटल' म्हणतात. म्हणजे या रूढी सर्व इंग्रजी बोलणाऱ्यांत देखील एकसारख्या नाहींत.

'ॲट होम' हें याच जातीचें. त्याचा साधा अर्थ घरीं असणें. पण इंग्रजी रीतीप्रमाणें अमुक दिवशीं आपण पाहुण्यांचें स्वागत करण्यास मोकळे आहों, असें कळविणाऱ्या पत्रिकेवरहि हेच दोन शब्द छापीत. साहेब गेला, पण ही पत्रिका मागें ठेवून गेला. स्वातंत्र्यदिनीं आणि प्रजासत्ताकदिनीं राष्ट्रपतिभवनांत जो समारंभ होतो त्याचें नांव आजहि 'ॲट होम' हेंच आहे. उलट, घरांत बसून असलेला साहेब कोणास भेटूं इच्छीत नसला म्हणजे त्याचा नोकर 'नॉट ॲट होम' असें सांगे, आणि तें खोटें समजलें जात नसे. आपल्याकडे दारावर आलेल्या देणेकऱ्यास नव्हे, घेणेकऱ्यास, "बाबा घरीं नाहींत" असें सांगण्यास मुलाला पाठवितात. त्यालाहि फारसें कोणी खोटें म्हणत नाहीं. घरोघरीं मातीच्या चुली.

आतां आपल्या मराठीकडे येऊं. 'घरीं' आणि 'घरांत' या दोन रूपांचा भेद आपण रोज पाळतों, पण तो कोणी शिकविल्याचें आठवत नाहीं. पाल घरांत असते. आई घरीं असते. चोर घरांत शिरतो. तो 'घरीं' असतो तो आपल्या स्वतःच्या. 'घरांत' हा शब्द भिंतींची गोष्ट सांगतो, 'घरीं' हा शब्द नात्याची. म्हणूनच माहेरीं, सासरीं, आजोळीं असें आपण म्हणतों; 'माहेरांत' किंवा 'आजोळांत' असें कोणाच्याहि तोंडीं येत नाहीं. ज्या जागेला भिंती मोजून चालत नाहीं तिला 'आंत' लागणार कसा?

या 'ईं' प्रत्ययाचा इतिहास मनोरंजक आहे. संस्कृतांत 'तस्मिन्', 'यस्मिन्' अशीं रूपें आहेत. त्यांतला प्रत्यय प्राकृतांत झिजत झिजत आला आणि मराठींत शेवटीं एका दीर्घ 'ई'वरच्या अनुनासिकांत उरला, असें भाषेचे अभ्यासक सांगतात. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें ज्ञानेश्वरी झाली. त्या काळच्या भाषेंत हा प्रत्यय वाटेल त्या नामास लागे. नगरीं, वनीं, मंदिरीं हीं तेव्हां रोजचीं रूपें होतीं. आज तीं काव्यांतच शोभतात. 'अंतः' या शब्दापासून आलेला 'आंत' पुढें सरसावला, आणि वनांत, नगरांत, मंदिरांत अशीं रूपें रूढ झालीं. 'ईं' मागें हटत हटत आला, पण कांहीं ठाण्यांवरून त्याला कोणीहि हलवूं शकलें नाहीं. घर, दार, गांव, माहेर, सासर, आजोळ, शेजार: एवढीं त्याचीं ठाणीं. माणसाच्या जिव्हाळ्याच्या जागा तेवढ्या त्याच्याकडे राहिल्या.

इंग्रजी बोलणाऱ्यांचा या सर्वांशीं पहिला संबंध आला तो गोव्यांत. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ सालीं गोव्यास आला. त्याचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें, आणि गोव्याच्या बोलीचें त्यानें पोर्तुगीज भाषेंत लिहिलेलें व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं साष्टींतील राचोल येथें छापून निघालें. गोव्याच्या बोलींत 'घरा' म्हणजे घरीं आणि 'घरांत' म्हणजे घराच्या आंत, हा भेद आजहि जिवंत आहे. पुढें १८०५ सालीं विल्यम केरी यानें बंगाल्यांत, श्रीरामपूर येथें, मराठीचें व्याकरण इंग्रजींत छापलें आणि १८१० सालीं कोश काढला. मोल्स्वर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा. त्याची वाढविलेली आवृत्ति १८५७ सालची. आणि इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. या लोकांचे श्रम मोठे. पण त्यांची अडचण ध्यानांत घ्यावी. त्यांच्या एका 'ॲट'साठीं मराठींत किती दारें! घरीं, पुण्यास, नदीवर, दाराशीं, मामाकडे, पंगतीला. या सहाहि ठिकाणीं इंग्रजींत 'ॲट' चालतो. कोणत्याहि कोशकाराचें येथें एका प्रतिशब्दावर भागण्यासारखें नव्हतें.

आपल्या माणसांनींहि व्याकरणें लिहिलीं. दादोबा पांडुरंग यांचें 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' १८३६ सालीं प्रसिद्ध झालें. संस्कृताच्या धर्तीवर विभक्तींचे कप्पे पडले, आणि तेव्हांपासून मुलें घोकूं लागलीं: द्वितीया 'स, ला, ते', सप्तमी 'त, ई, आ'. कप्पे सोयीचे होते, पण भाषा त्यांत नीट मावेना. 'तो पुण्यास असतो' या वाक्यांत 'स' हा प्रत्यय द्वितीयेचा किंवा चतुर्थीचा. अर्थ मात्र सप्तमीचा. 'आई नदीवर गेली आहे' यांत तर प्रत्ययच नाहीं, शब्दयोगी अव्यय आहे. आणि आई नदीच्या वर तरंगत नसते, ती कांठावर धुणें धूत असते! आमच्या गांवच्या मुलांना या वाक्याचें इंग्रजी करावयास सांगितलें, कीं दहांतील आठ मुलें 'ऑन द रिव्हर' लिहीत, आणि आईला होडींत बसवून देत. त्याचप्रमाणें 'बाबा स्टेशनावर आहेत', 'दादा शेतावर आहे', 'काका कामावर आहेत'. जेथें जाऊन कांहीं काम करावयाचें असतें ती जागा मराठी माणसाला 'वर' वाटते. इंग्रज जेवावयास बसला म्हणजे तो 'ॲट टेबल' असतो. आपण जेवावयास बसलों म्हणजे 'पानावर' असतों. तेथेंहि 'द' नाहीं, आणि येथेंहि कोणी पानाच्या डोक्यावर बसत नाहीं.

आतां त्या मुलीची हकीकत सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट. मीं चौथीच्या वर्गाला 'माझें कुटुंब' या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. एका मुलीनें लिहिलें, 'माझी आई दवाखान्याला असते. ती रात्रीं घरीं नसते.' मीं तांबडी पेन्सिल उचलली, 'दवाखान्याला' हा शब्द खोडला, आणि वर लिहिलें 'दवाखान्यांत'. माझ्या मतें ही सप्तमीची चूक होती. शिवाय 'शाळेला आहे', 'ऑफिसला आहे' असें बोलण्याची खोड मुलांना शहरी इंग्रजी वाऱ्यानें लागत आहे, असा माझा ग्रह होता. एवढ्यावर थांबलों असतों तर बरें झालें असतें. पण मला त्या मुलीची कींव आली, आणि मीं भर वर्गांत सांगितलें, "हिची आई दवाखान्यांत आहे. हिला कोणी त्रास देऊं नका." मुलगी कांहीं बोलली नाहीं. मान खालीं घालून बसली. गुरुजी सांगतात तें खोटें म्हणावें कसें?

दोन दिवसांत तिच्या वाडींत बातमी पसरली, कीं तिच्या आईला क्षयाचा विकार आहे आणि म्हणूनच ती रात्रीं घरीं नसते. शेजारच्या बायका आपलीं मुलें तिच्याबरोबर खेळावयास पाठवीनात. पाणी भरतांना कोणी तिच्या हंड्याजवळ आपला हंडा ठेवीना. चवथ्या दिवशीं तिची आई रात्रपाळी करून परस्पर शाळेच्या दारीं आली. डोळे जागरणानें तांबारलेले होते. ती मला एवढेंच म्हणाली, "गुरुजी, मी दवाखान्यांत नाहीं, दवाखान्याला आहें. कामाला."

ती बाई तेथें आया होती. तिच्या मुलीनें अचूक मराठी लिहिली होती. 'दवाखान्यांत' असतो तो रोगी आणि 'दवाखान्याला' असतो तो नोकर. इंग्रजांना जो भेद 'इन हॉस्पिटल' आणि 'ॲट द हॉस्पिटल' असा करावा लागतो, तो एका नऊ-दहा वर्षांच्या पोरीनें एका प्रत्ययानें केला होता. आणि मीं, शिक्षकानें, तो पुसून टाकला होता. मीं त्या दिवशीं वर्गापुढें चूक कबूल केली, वाडींत जाऊन चार घरीं सांगितलें, आणि वहींतली तांबडी रेघ खोडली. पण पसरलेली अफवा वहींतल्या रेघेसारखी खोडतां येत नाहीं. ती विरावयास पावसाळा उजाडला.

त्यानंतर मीं हीं व्याकरणें पुन्हां उघडलीं. तेव्हां ध्यानांत आलें, कीं ज्याला मी इंग्रजी वारा समजत होतों तो मुळीं इंग्रजी नव्हताच. 'पुण्यास आहे', 'काशीस राहिला' अशीं वाक्यें आपले वाडवडील लिहीत आले, त्यांतलाच 'स' बोलण्यांत 'ला' झाला. 'कॉलेजला आहे' म्हणणारीं मुलें नामें इंग्रजी घेतात, पण प्रत्यय आजोबांचाच लावतात.

असाच एक वाद त्या बिंदूचा आहे. मराठी साहित्य महामंडळानें तयार केलेले शुद्धलेखनाचे नियम १९६२ सालीं राज्य शासनानें मान्य केले, आणि ज्यांचा उच्चार होत नाहीं असे अनुस्वार गेले. 'घरीं'चें 'घरी' झालें, 'शाळेंत'चें 'शाळेत' झालें. नियम योग्यच होता. मुलांच्या डोक्यावरचें ओझें हलकें झालें, आणि अर्थांत कांहीं उणें पडलें नाहीं. मीं सारी नोकरी शाळेंत नवे नियमच शिकविले. घरीं मात्र वडिलांच्या पत्रांचें वळण हाताला लागलें होतें, तें सुटलें नाहीं. आतां मी बोलतों आहें तेव्हां तो बिंदु आपल्या कानांस ऐकूं येत नाहीं. कोंकणच्या कांहीं बोलींत तेवढा तो अजून नाकांतून उमटतो. हें भाषण छापलें गेलें, तर तो कागदावर दिसेल. 'तस्मिन्'च्या घरचा तो शेवटचा अवशेष आहे. एवढ्याचसाठीं माझा त्याच्यावर लोभ.

आता शेवटीं 'गांवीं' या शब्दाविषयीं. गांवांत राहणारा मनुष्य 'मी गांवांत आहें' असें म्हणतो. 'गांवीं' म्हणतो तो बाहेर गेलेला. आमच्या तालुक्यांत आगगाडी १८५५ सालीं वासिंदपर्यंत आली, १८६१ सालीं कसाऱ्यास पोंचली, आणि १८६५ सालीं थळ घाट चढून इगतपुरीस गेली. या रुळांवरून आमचीं माणसें मुंबईस जाऊं लागलीं. आज आसनगांवची गाडी पकडून सकाळीं निघालेला मनुष्य रात्रीं परत येतो. विचारलें तर म्हणतो, 'मी राहतों शहापूरला, असतों मुंबईला'. राहणें आणि असणें यांची अशी फाळणी झाली आहे. माणसांबरोबर पाणीहि गेलें. आमच्या तालुक्यांतील तानसा तलावाचें पाणी मुंबईस १८९२ पासून जातें. पुढें भातसेवर धरण झालें. तें पाणी नदीच्याच पात्रानें खालीं येतें आणि पिसे येथें मुंबईसाठीं उचललें जातें. आपण हें भाषण ऐकत असतां मुंबईंत घरोघरीं, आपल्या माठांत, आमची नदी असेल.

त्या धरणाच्या पाण्याखालीं कांहींचीं घरें आणि शेतें गेलीं. अशांपैकीं एक वृद्ध गृहस्थ मला एकदां रस्त्यांत भेटले. पाणी ओसरण्याचे, उन्हाळ्याचे दिवस होते. मीं विचारलें, "कोठें निघालांत?" ते म्हणाले, "गांवीं." जेथें ते आज राहतात तिला ते 'वसाहत' म्हणतात, आणि 'वसाहतींत राहतों' असें सांगतात. त्यांच्या जुन्या गांवाला आतां आंत नाहीं आणि बाहेर नाहीं. 'गांवांत' असें त्यांना पुन्हां कधीं म्हणतां येणार नाहीं. 'गांवीं' मात्र म्हणतां येतें. आणि तें ऐकून दुरुस्त करावयाचें माझ्या मनांत आलें नाहीं.

पूर्वीं दूरध्वनि एका जागीं बांधलेला असे, तेव्हां पहिला प्रश्न असे, "अमुक घरीं आहेत काय?" आतां तो खिशांत आला आणि पहिला प्रश्न झाला, "कुठें आहेस?" दिवसांतून दहा वेळां आपण एकमेकांस हें विचारतों, आणि उत्तर येतें तें 'घरीं', 'कामावर', 'दवाखान्याला', 'दवाखान्यांत' अशा एखाद्या शब्दांत. त्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराकडे थोडें लक्ष द्यावें, एवढीच माझी विनंति आहे. मनुष्य कोठें उभा आहे हें गांवाच्या नांवावरून कळतें. पण तो तेथें कोण म्हणून आहे, रोगी कीं सेवक, पाहुणा कीं घरचा, हें त्या एका अक्षरावरून कळतें. तें न ऐकतां दुरुस्त करणाराला काय भोगावें लागतें, आणि त्याहून अधिक दुसऱ्याला काय भोगावें लागतें, हें मीं पाहिलें आहे.

पुतण्याला मीं सांगितलें, कीं पुढल्या अर्जावरहि 'ॲट पोस्ट सापगांव' असेंच लिही. पहाऱ्यावर आहेस काय असें कोणी पुन्हां विचारलें, तर खुशाल 'होय' म्हण.